पीएच-संवेदी मायसेल: ७.४ ला पुरता अंधार होत नाही, गुणोत्तर ९ वरच अडकलंय

इंद्रायणीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

कर्करोगाच्या गाठीतली आम्लता ओळखून उजळणारे मायसेल (पॉलिमरच्या साखळ्यांचे अतिसूक्ष्म गोळे) बनवतो आहे. पॉलिमर पेग-पीडीपीए: ५ किलोडाल्टनचं पेग (पाण्यात विरघळणारं पॉलिइथिलीन ग्लायकॉल) आणि त्याला डायआयसोप्रोपिलअमिनोइथिल मेथाक्रिलेटची सुमारे ८० एककांची साखळी, म्हणजे पीडीपीए. डाय (उजळणारा रंगरेणू) जोडण्यासाठी साखळीमागे ३ अमिनोइथिल मेथाक्रिलेट. डाय आयसीजी (इंडोसायनिन ग्रीन), अमाइनला जोडता येणाऱ्या सल्फो-एनएचएस एस्टरच्या रूपात. डॅलसच्या यूटी साउथवेस्टर्न या वैद्यकीय विद्यापीठातल्या जिनमिंग गाओ यांच्या गटाने २०११ पासून प्रसिद्ध केलेली पद्धत धरूनच चाललो आहे.

विषय नवा असलेल्यांसाठी थोडक्यात: गाठीतल्या पेशी ऑक्सिजन मिळत असतानाही ग्लुकोजचं लॅक्टिक आम्ल करून बाहेर टाकतात, त्यामुळे गाठीच्या आसपासचा पीएच ७.४ वरून ६.५ ते ६.९ पर्यंत उतरतो. रक्ताच्या पीएचला साखळ्या एकत्र येऊन मायसेल बनतात, डायचे रेणू एकमेकांना खेटतात आणि एकमेकांचा उजेड गिळतात. आम्लात साखळीवरचे अमाइन (नायट्रोजनचे गट) प्रोटॉन घेतात, मायसेल सुटतं, डाय मोकळे होतात आणि उजेड पडतो.

आता अडचण. ७.४ आणि ५.५ या दोन पीएचमधलं उजेडाचं गुणोत्तर जेमतेम ९ येतंय. या वर्गाच्या पॉलिमरला ते ५० च्या पुढे, १०० च्या आसपास मिळायला हवं. शिवाय उजेड १० टक्क्यांवरून ९० टक्क्यांपर्यंत जायला ०.६ पीएच लागतोय, तोही ०.२५ च्या आत हवा. संक्रमणबिंदू (ज्या पीएचला मायसेल सुटतं तो) ६.० दिसतो, अपेक्षा ६.२ ते ६.३ ची.

मोजणीचा तपशील: पॉलिमर मिलीलिटरला ०.१ मिग्रॅ, पीबीएसमध्ये (मीठ घातलेलं फॉस्फेट बफर) हायड्रोक्लोरिक आम्ल घालून ०.२ च्या पायऱ्यांनी पीएच लावलेले बफर, उत्तेजन ७८० नॅनोमीटर, उत्सर्जन ८२०. डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजणं) ७.४ ला आकार ३२ नॅनोमीटर, ५.५ ला १० च्या खाली. डाय जोडल्यावर ३.५ किलोडाल्टनच्या पिशवीत दोन दिवस पाण्यात डायलिसिस केलं, बाहेरचं पाणी शेवटी स्वच्छ होतं. शोषणावरून साखळीमागे २.६ डाय येतात.

मायसेल तर नीट सुटतंय, मग दोष कुठे शोधू?

पॉलिमरची_पाटी

डीएलएस चांगलं आहे म्हणजे पॉलिमर आपलं काम करतोय. गुणोत्तर कमी येतंय कारण ७.४ ला अंधार पुरता होत नाही. ५.५ चा उजेड वाढवण्याच्या मागे लागू नका, ७.४ ला कोण उजळतंय ते शोधा. या पद्धतीत अंधार हाच खरा माल आहे.

तुमच्या वर्णनात मला खटकलं ते पाण्यातलं डायलिसिस. उदासीन पाण्यात तुमचा पॉलिमर मायसेल होऊन बसतो. आयसीजीला एका अंगाला पाणी आवडतं, दुसऱ्या अंगाला तेल. न जोडला गेलेला डाय त्या मायसेलमध्ये शिरतो, काही गाभ्यात तर काही पेगच्या झालरीत, आणि पिशवीबाहेर येतच नाही. बाहेरचं पाणी स्वच्छ दिसण्याला म्हणूनच काही अर्थ नाही.

एक आकडेमोड करून बघा. जोडलेला डाय ७.४ ला शंभरपट विझतो असं धरा. एकूण डायपैकी फक्त १० टक्के मोकळा असेल आणि तो विझत नसेल, तर ७.४ चा उजेड ०.१० अधिक ०.९० भागिले १००, म्हणजे ०.१०९. गुणोत्तर ९.२! तुमचा आकडा अगदी इथेच आहे. मोकळा डाय १ टक्क्यावर आणलात तर गुणोत्तर ५० होतं. पॉलिमरला हातही न लावता.

सफाई करायची तर साखळ्या सुट्या असतील अशा द्रावकात करा. सेफाडेक्स एलएच-२० (रेणू आकारानुसार वेगळे करणारं जेल) चा स्तंभ मिथेनॉलमध्ये भिजवून भरा, १० मिग्रॅ पॉलिमरला १ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच स्तंभ पुरे. नमुना अर्धा मिलीलिटरमध्ये विरघळवून अलगद वर सोडा. पॉलिमरचा हिरवा पट्टा आधी उतरतो, मोकळा डाय मागे रेंगाळतो. दोन पट्ट्यांमध्ये फिकट पट्टा दिसला पाहिजे. पहिल्या पट्ट्याची शेपटी हाव न धरता सोडून द्या.

जोडणीच्या पायरीवरही बघा. १० मिग्रॅ पॉलिमर म्हणजे अंदाजे ०.४४ मायक्रोमोल साखळ्या, म्हणजे १.३ मायक्रोमोल अमाइन. डाय दीडपट, २ मायक्रोमोलच्या आसपास, कोरड्या डीएमएफ द्रावकाच्या २ मिलीलिटरमध्ये, अंधारात रात्रभर. डीएमएफमध्ये पाणी असेल तर एस्टर आधी पाण्याशी फुटतो आणि तोच डाय पुढे मोकळा म्हणून त्रास देतो. डाय तीनपट घालून जोडणी वाढवायला गेलात तर जोडणी थोडीच वाढते, कचरा भरपूर वाढतो.

आणखी एक, ज्याकडे फार थोडे जण लक्ष देतात. अमिनोइथिल मेथाक्रिलेट अल्कधर्मी वातावरणात स्वस्थ बसत नाही. त्याचा अमाइन शेजारच्या एस्टरवर चढतो आणि अमाइड बनतो, मग डाय जोडायला अमाइन उरत नाही. म्हणून मोनोमर हायड्रोक्लोराइड क्षाराच्या रूपातच घाला आणि तयार पॉलिमर ९ च्या वरच्या पीएचला रात्रभर ठेवू नका. शंका असेल तर डाय घालण्यापूर्वी निनहायड्रिन किंवा टीएनबीएस या रंगचाचणीने अमाइन मोजा.

तांब्याचं काय केलंत ते तुम्ही लिहिलं नाही. एटीआरपीतलं (साखळी वाढवायची तांब्यावर चालणारी पद्धत) तांबं पीडीपीएच्या अमाइनला घट्ट धरून राहतं आणि दुसऱ्या अवस्थेतलं (क्युप्रिक) तांबं डायचा उजेड मारतं. त्याने ५.५ चा उजेड उतरतो, म्हणजे गुणोत्तर वरूनही कापलं जातं. क्युप्रस ब्रोमाइड पांढरंच हवं. हिरवट दिसलं तर ग्लेशियल ॲसेटिक आम्लाने धुवा, मग इथेनॉलने, आणि निर्वातात सुकवा. प्रमाण साधारण असं: मोनोमर १.७ ग्रॅम म्हणजे ८ मिलिमोल, पेग-ब्रोमाइड ०.५ ग्रॅम म्हणजे ०.१ मिलिमोल, अमिनोइथिल मेथाक्रिलेट हायड्रोक्लोराइड ५० मिग्रॅ, पीएमडीईटीए (तांब्याला धरणारा रेणू) २१ मायक्रोलिटर, क्युप्रस ब्रोमाइड १४ मिग्रॅ, २-प्रोपेनॉल आणि डीएमएफ प्रत्येकी २ मिलीलिटर. गोठवणे, निर्वात, वितळवणे असे तीन फेरे, मग ४० अंशांवर ८ तास. नंतर १० मिलीलिटर टीएचएफ हा द्रावक घालून उदासीन ॲल्युमिनाच्या स्तंभातून काढा. निळा-हिरवा पट्टा वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्येच अडकून राहिला पाहिजे आणि खालून येणारं द्रावण बिनरंगी हवं. वाळवलेल्या पॉलिमरला जराही हिरवट झाक असेल तर तो तसाच पुढे नेऊ नका, पुन्हा स्तंभातून काढा.

काही जण हे तांबं काढायला सौम्य आम्लात तांबं बांधून घेणारं ईडीटीए घालून डायलिसिस करतात. तांबं छान निघतं, पण मग पॉलिमर क्षाराच्या रूपात वाळतो आणि टीएचएफमध्ये विरघळत नाही. तो मार्ग धरलात तर पुढची पायरीही बदलावी लागेल.

प्रकाशमापक

वरच्या उत्तराशी सहमत, मोकळा डाय हाच पहिला संशयित. पण मोजणीतही दुरुस्त करण्यासारखं बरंच आहे.

आधी बफर. मिलीलिटरला ०.१ मिग्रॅ पॉलिमर म्हणजे सुमारे ४.४ मायक्रोमोलर साखळ्या, प्रत्येकीवर ८० अमाइन, एकूण ०.३५ मिलिमोलर. मायसेल सुटताना हे सगळे प्रोटॉन ओढून घेतात. १० मिलिमोलर फॉस्फेटची धारणशक्ती ६.३ ला ठीक आहे, तिथे पीएच ०.०८ च्या आसपासच वर सरकेल. पण ५.५ ला फॉस्फेट जवळपास रिकामं झालेलं असतं, तिथे तीच ओढ पीएच ०.३ ने वर नेते. तुम्ही बाटलीवर लिहिलेला पीएच धरताय, क्युव्हेटमधला (मोजणीच्या छोट्या काचपात्रातला) पीएच वेगळा आहे. संक्रमणबिंदू खाली सरकलेला दिसणं आणि वक्र पसरट होणं, दोन्हींत याचा वाटा आहे. सायट्रेट-फॉस्फेट ०.२ मोलर वापरा, नाहीतर ५.५ ते ६.७ ला एमईएस बफर आणि त्यावर हेपेस बफर, ५० मिलिमोलर, सगळीकडे सोडियम क्लोराइड सारखंच. पॉलिमर मिसळून झाल्यावर पीएच पुन्हा मोजा आणि आलेखावर तोच आकडा टाका.

मिठाच्या बाबतीत एक सावधगिरी. परक्लोरेट, आयोडाइड, थायोसायनेट असे ऋण आयन प्रोटॉन घेतलेल्या साखळ्यांनाही पुन्हा गोळा करून मायसेल बनवतात. गाओ यांच्याच गटाने २०१४ मध्ये हे दाखवलं आहे. बफरमध्ये यातलं काही असेल तर आम्लातही उजेड पडणार नाही आणि तुम्ही उगाच पॉलिमरला दोष देत बसाल. क्लोराइडचा असा त्रास नाही.

पायऱ्यांचं म्हणाल तर, साध्या पीएच-संवेदी डायला १० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर जायला १.९ पीएच लागतो, म्हणजे प्रोटॉनची संहती ८१ पट व्हावी लागते. तुमच्या पॉलिमरने ते ०.२५ पीएचमध्ये करायचं, म्हणजे संहती पावणेदोन-दोनपट व्हायच्या आत. ०.२ ची पायरी घेऊन ०.२५ ची रुंदी कशी मोजणार? पूर्ण संक्रमणात एखाद-दुसराच बिंदू पडेल. ५.९ ते ६.६ मध्ये ०.०५ च्या पायऱ्या घ्या. त्यासाठी इलेक्ट्रोड रोज ४.०, ७.० आणि ९.२ ला लावा, बफर आणि नमुना एकाच तापमानाला ठेवा. अमाइनचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या अमाइनवर प्रोटॉन असतो तो) तापमान वाढलं की उतरतो. २५ अंशांवर लावलेला आलेख ३७ अंशांच्या उंदराला लागू पडत नाही, शेवटचा आलेख ३७ अंशांवरच काढा.

आता संहती. सुमारे ११ मायक्रोमोलर आयसीजी १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये म्हणजे शोषण २ च्या घरात, उत्तेजक प्रकाश मध्यापर्यंत पोचतच नाही. यावर कुणी म्हणेल की दोन्ही पीएचला तो सारखाच अडतो, गुणोत्तराला काय फरक पडतो? शोषणाचा आकार दोन्हीकडे सारखा असता तर ते खरं होतं. आयसीजीचा तसा नाही. मायसेलमध्ये रेणू थप्पी लावून बसतात तेव्हा शोषण ७०० नॅनोमीटरकडे सरकतं, सुटल्यावर ७८० ला परत येतं. म्हणजे ७८० वर उत्तेजन देताना उजळलेल्या नमुन्यातच जास्त प्रकाश अडतो आणि त्याचाच उजेड खोटा कमी दिसतो. पॉलिमर मिलीलिटरला ५ मायक्रोग्रॅमवर आणा, शोषण ०.१ च्या आसपास येईल. त्या संहतीला मायसेल टिकून आहे का, ते डीएलएसला दिसणं कठीण, पायरीन या चमकणाऱ्या रेणूने तपासा. ते नको असेल तर ३ मिलीमीटरचा क्युव्हेट घ्या.

बारीक वाटणारी पण गुणोत्तर खाणारी गोष्ट: आम्लात साखळ्या धन प्रभारित होतात आणि काचेला, क्वार्ट्झला चिकटतात. ५.५ चा नमुना काढून त्याच क्युव्हेटमध्ये ७.४ चा घातला की भिंतीवरचा थर मोजणीत येतो. नेहमी ७.४ पासून सुरू करून खाली या. मधे सौम्य आम्ल आणि मग मिथेनॉल यांनी क्युव्हेट धुवा, आणि रिकाम्या बफरचं वाचन शून्यापाशी आलंय याची खात्री करूनच पुढचा नमुना घाला.

दोन्ही टोकांना स्लिट आणि डिटेक्टरचं व्होल्टेज एकच ठेवा. ७.४ ला आकडा छोटा दिसतो म्हणून व्होल्टेज वाढवलं की ५.५ ला डिटेक्टर भरून जातो, वरचं टोक छाटलं जातं. आणि डाय नसलेल्या मायसेलचं वाचन दोन्ही पीएचला वजा करा. साधं पाणी वजा करून भागत नाही, ३२ नॅनोमीटरचे कण प्रकाश विखुरतात आणि तो विखुरलेला प्रकाश ७.४ च्याच खात्यात जातो.

सातपुडा

थोडा बाजूचा प्रश्न. गाठीबाहेरचा पीएच ६.५ ते ६.९ असेल, तर ६.३ ला उजळणारा पीडीपीए कशासाठी? तो तिथे पेटणारच नाही ना?

वहिनीची_प्रयोगशाळा

@सातपुडा, प्रश्न बाजूचा नाही, मुळाशीच आहे. दोन वेगळे मार्ग आहेत आणि पॉलिमर त्यानुसार निवडायचा.

पहिला मार्ग पेशीच्या आतला. मायसेल पेशीने गिळलं की ते एंडोसोममध्ये जातं, तिथला पीएच सुरुवातीलाच ६ च्या आसपास उतरतो आणि लायसोसोममध्ये ५ च्याही खाली जातो. पीडीपीए तिथे उजळतो. पण पेशीने गिळण्यासाठी काहीतरी निमित्त लागतं. गाओ गटाच्या २०१४ च्या नेचर मटेरियल्समधल्या कामात त्यासाठी पृष्ठभागावर सीआरजीडी पेप्टाइड लावलं होतं, जे गाठीतल्या नव्या रक्तवाहिन्यांवरच्या इंटिग्रिन या प्रथिनाला धरतं. त्याच कामात दुसरा मार्गही होता, ६.९ ला सुटणारा पॉलिमर, जो पेशीबाहेरच उजळतो आणि पेशीवरच्या कुठल्याही ग्राहक रेणूवर अवलंबून नसतो. ६.९ साठी बाजूचे गट बदलावे लागतात, इथिल-प्रोपिल अमाइन किंवा सात कड्यांचं वलय असलेला अमाइन. डायब्युटिल घेतलात तर बिंदू ५.४ च्या आसपास जातो. गट जितका तेलकट, तितका बिंदू खाली, हा ढोबळ नियम लक्षात ठेवा.

पुढे याच मालिकेतला आयसीजी जोडलेला मायसेल माणसांपर्यंत पोचला. पेगसिटॅसियानिन हे त्याचं नाव, आधीचं सांकेतिक नाव ओएनएम-१००. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या विद्यापीठ रुग्णालयात डोकं-मान, स्तन, अन्ननलिका आणि मोठं आतडं अशा चार प्रकारच्या गाठी असलेल्या ३० रुग्णांना तो शिरेतून दिला आणि साधारण दिवसभराने शस्त्रक्रिया केली. २०२० मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये ते प्रसिद्ध झालं. काढलेल्या भागाच्या कडेला गाठ उरली होती असे ९ रुग्ण होते, नऊच्या नऊ जणांत ती उजळली. शिवाय एरवी नजरेतून सुटल्या असत्या अशा ४ जागा सापडल्या. कडेला उरलेली गाठ शस्त्रक्रिया चालू असतानाच कळते, आठवड्याने पॅथॉलॉजीच्या अहवालात नाही. हे ज्या रुग्णाच्या वाट्याला येतं त्याची दुसरी शस्त्रक्रिया टळू शकते, म्हणून हे काम इतकं काटेकोर करायचं. आयसीजी निवडण्याचं कारणही इथलंच आहे. तो १९५९ पासून रुग्णांना दिला जातो आणि त्याचे कॅमेरे शस्त्रक्रियागृहांत आधीपासून आहेत.

@इंद्रायणीकाठ, उंदरात जाण्यापूर्वी एक चाचणी जरूर करा. मायसेल ७.४ ला, ३७ अंशांवर, मिलीलिटरला ४० मिग्रॅ अल्ब्युमिन असलेल्या बफरमध्ये २४ तास ठेवा आणि १, ४, ८, २४ तासांनी उजेड मोजा. मोकळा आयसीजी अल्ब्युमिनला लगेच चिकटतो आणि चिकटला की जास्त उजळतो. साध्या बफरमध्ये ५० आलेलं गुणोत्तर इथे १५ वर उतरलं, तर सफाई अजून अपुरी आहे. ही चाचणी बफरमधल्या आलेखापेक्षा खरं बोलते.

प्राण्यांमध्ये काय दिसेल त्याचीही कल्पना असू द्या. यकृत आणि प्लीहा उजळणारच. ३० नॅनोमीटरचे कण तिथल्या भक्षक पेशी गिळतात आणि त्यांच्या लायसोसोममध्ये मायसेल सुटतं. म्हणून यकृतातल्या गाठींसाठी ही पद्धत अवघड आहे. दाह झालेला भाग, ताजी जखम, टाके हेही आम्लधर्मी असतात आणि उजळतात. गाठ रुजवताना सुईची जखम झाली असेल तर ती भरेपर्यंत थांबा. उजेड खरंच आम्लामुळे आहे हे दाखवायला ग्लायकोलिसिस रोखणारं २-डीऑक्सिग्लुकोज दिलेला गट ठेवा, त्यात गाठीचा उजेड उतरला पाहिजे. त्याच पॉलिमरवर कायम उजळणारा दुसरा डाय लावला तर 'मायसेल पोचलंच नाही' आणि 'पोचलं पण सुटलं नाही' यांतला फरक कळतो. आयसीजीऐवजी साय-५.५ हा डाय वापरणार असाल तर उंदरांच्या खाद्यातून लसूणघास, म्हणजे अल्फाल्फा, आठवडाभर आधी बंद करा. त्यातलं हरितद्रव्य आतड्यात ७०० नॅनोमीटरच्या आसपास चमकतं आणि पोटातल्या गाठीसारखंच दिसतं.

संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीच्या अर्जात हे सगळे नियंत्रण गट पहिल्यांदाच लिहा. मागाहून गट वाढवायचा तर दुरुस्तीसाठी पुन्हा बैठकीची वाट बघावी लागते.

इंद्रायणीकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. एलएच-२० वर खरोखर दोन पट्टे निघाले. सफाईनंतर साखळीमागे डाय २.६ वरून २.३ वर आले, म्हणजे साधारण ११.५ टक्के मोकळाच होता. एमईएस आणि हेपेस, ५ मायक्रोग्रॅम, डाय नसलेल्या मायसेलचं वाचन वजा करून गुणोत्तर आता ४६ आहे आणि संक्रमणबिंदू ६.२५. रुंदी मात्र ०.३५ वर थांबली आहे, ०.०५ च्या पायऱ्या घेऊनही.

आता दोन प्रश्न. रुंदी अजून कमी करता येईल का, आणि डाय पुन्हा ३ पर्यंत वाढवून गुणोत्तर सुधारेल का? मायसेल टीएचएफमधून बनवतोय, पण सफाईनंतर पॉलिमर टीएचएफमध्ये नीट विरघळत नाही, बारीक हिरवे कण राहतात.

पॉलिमरची_पाटी

हिरवे कण राहतात कारण आयसीजीवर सल्फोनेट आहेत आणि टीएचएफला ते सोसत नाहीत. डाय नसलेल्या पॉलिमरसाठी लिहिलेली पायरी इथे तशीच चालत नाही. मिथेनॉल घ्या. २४ मिग्रॅ पॉलिमर अर्ध्या मिलीलिटर मिथेनॉलमध्ये पूर्ण विरघळवा, प्रकाशासमोर धरून एकही कण दिसत नाही ना ते बघा. सॉनिकेटरमध्ये ४ मिलीलिटर शुद्ध पाणी बर्फावर ठेवा आणि त्यात थेंब थेंब सोडा, एका थेंबाचा माग विरल्यावर दुसरा. घाईत ओतलंत तर थेंबाच्या तोंडाशीच दुधी गोळा धरतो आणि तो मागाहून कितीही हलवला तरी सुटत नाही, डीएलएसवर १०० नॅनोमीटरच्या वर दुसरा डोंगर दिसतो. नीट झालं तर द्रावण पारदर्शक हिरवं राहतं, बाजूने बघितलं तर किंचित निळसर. मग १०० किलोडाल्टनच्या गाळणीतून चार वेळा पाणी घालून मिथेनॉल काढा आणि शेवटी ४ मिग्रॅ प्रति मिलीलिटरवर आणा. गाळणी कोरडी पडू देऊ नका, पडद्यावर थर बसला की तेवढा माल गेला.

रुंदीचं कारण साखळ्यांच्या लांबीत असावं. मायसेल सुटणं ही सामूहिक क्रिया आहे, एका साखळीने प्रोटॉन घेतले की बाकीच्यांचं बाहेर पडणं सोपं होतं, म्हणूनच वक्र इतका उभा असतो. गाओ यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं की तेलकट साखळी लांब असेल तर संक्रमण जास्त उभं होतं आणि बिंदू खाली येतो. तुमच्या नमुन्यात ४० एककांच्या आणि १०० एककांच्या साखळ्या मिसळल्या असतील तर प्रत्येकीचा बिंदू थोडा वेगळा, आणि बेरीज पसरट. जीपीसी (साखळ्या आकारानुसार वेगळ्या करणारी चाचणी) करून विखुरता, म्हणजे साखळ्यांच्या लांबीतली तफावत, १.२ च्या वर आहे का ते पहा. वर असेल तर बहुतेक ऑक्सिजन राहिला होता, किंवा मोनोमरमधला निरोधक (साठवणीत साखळी बनू न देणारा पदार्थ) काढला नव्हता. मोनोमर वापरण्याच्या आधी अल्कधर्मी ॲल्युमिनाच्या छोट्या स्तंभातून काढा आणि त्याच दिवशी वापरा.

डाय वाढवण्याच्या फंदात पडू नका. एकाच साखळीवर डाय जवळजवळ बसले की साखळी सुटी झाल्यावरही ते एकमेकांना विझवतात, म्हणजे ७.४ ला थोडा जास्त अंधार मिळतो पण ५.५ ला उजेडही कमी होतो. शिवाय प्रत्येक आयसीजीबरोबर ऋण प्रभार येतो आणि धन साखळीला तो चिकटून राहतो. २.३ वर ४६ आलंय ते चांगलं आहे. साखळीमागे १ च्या खाली गेलात तरच काळजी करा, तिथे डायमधलं अंतर वाढतं आणि अंधार फाटतो.

४६ गुणोत्तर आणि ०.३५ रुंदी घेऊन अल्ब्युमिनची चाचणी आत्ताच लावा, नव्या पॉलिमरची वाट बघू नका. ती पार पडली तर उंदराला किलोमागे २.५ मिग्रॅ, म्हणजे २० ग्रॅमच्या उंदराला ५० मायक्रोग्रॅम, अर्धा मिग्रॅ प्रति मिलीलिटरच्या द्रावणाचे १०० मायक्रोलिटर शेपटीच्या शिरेतून. साठवणीचं द्रावण १० टक्के सुक्रोजमध्ये करून उणे ८० अंशांवर छोट्या कुप्यांत गोठवा, एक कुपी एकदाच वितळवा. आयसीजी पाण्यात फार दिवस टिकत नाही. रुग्णालयातली साधी आयसीजीची बाटलीसुद्धा पाणी घातल्यावर ६ तासांत वापरायची असते. वितळवल्यावर टोचण्याआधी शोषणाचा आलेख काढून गोठवण्यापूर्वीच्या आलेखावर ठेवून बघा, उंची १० टक्क्यांहून जास्त उतरली असेल तर ती कुपी टाकून द्या.

प्रकाशमापक

रुंदीबद्दल एक तपासणी जीपीसीच्या आधी, कारण ती तासाभरात होते. हाच आलेख डाय नसलेल्या पॉलिमरवर साध्या टायट्रेशनने काढा: मिलीलिटरला २ मिग्रॅ पॉलिमर, आम्ल घालून ३ च्या पीएचला विरघळवलेला, १५० मिलिमोलर सोडियम क्लोराइडमध्ये, सोडियम हायड्रॉक्साइडचे छोटे भाग घालत. नायट्रोजनखाली करा, नाहीतर हवेतला कार्बन डायऑक्साइड ६ ते ७ मध्येच गोंधळ घालतो. पीएचचा सपाट कट्टा दिसला पाहिजे. कट्टा सपाट असेल आणि उजेडाचा वक्र तरी पसरट असेल, तर पॉलिमर निर्दोष आहे आणि डाय साखळ्यांवर असमान बसलाय. कट्टाच तिरका असेल तर मग जीपीसी.

इंद्रायणीकाठ (धागाकर्ता)

उद्या सकाळी टायट्रेशन लावतो. आलेख आला की इथेच टाकतो, अल्ब्युमिनचे २४ तासांचे आकडेही त्याबरोबर.